साथ ओसरली, पण सगळेच सावरले का?

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आपल्याकडे त्या बातमीकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीत त्या आठवड्यात विधानसभेचा प्रचार टिपेला पोहोचला होता. १० मेला मतदान, १३ मेला निकाल आणि नंतर पंधरा दिवस त्याच निकालाची चिरफाड! साथ तर आपण वर्षभर आधीच मनातून हद्दपार केली होती. लग्नाच्या पंगती पूर्वीसारख्या उठू लागल्या, मास्क कपाटाच्या तळाशी गेले आणि 'ती दोन वर्षे' असे मोघम नाव देऊन आपण तो काळ मागे टाकला.

पण एक हिशेब बाकी आहे. २०२० च्या उन्हाळ्यात देशोदेशीचे मानसोपचारतज्ज्ञ सांगत होते की विषाणूच्या मागोमाग मानसिक आजारांची मोठी लाट येईल. ती आली का? आली असेल तर कुणाच्या घरात शिरली? तीन वर्षांनंतर याचे बऱ्यापैकी उत्तर देता येईल इतके अभ्यास हाती आहेत. या पानावर आम्ही एरवी सीमाभागातल्या शाळांबद्दल, वाचनालयांबद्दल, कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांबद्दल लिहितो. या वेळी विषय वेगळा घेतला आहे. मंडळाच्या कार्यक्रमांना पूर्वी नेमाने येणारी काही माणसे अजून परतलेली नाहीत, आणि ती का परतली नाहीत हे आपण कुणी विचारलेले नाही.

आधी जगाचे आकडे पाहू. ऑक्टोबर २०२१ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अंदाज प्रसिद्ध झाला. २०२० या एका वर्षात जगात नैराश्याचे सुमारे ५ कोटी ३२ लाख आणि चिंताविकाराचे सुमारे ७ कोटी ६२ लाख रुग्ण जास्तीचे झाले, असे त्यात म्हटले होते. म्हणजे दोन्हींत चौथ्या हिश्शाहून थोडी अधिक वाढ. स्त्रियांमध्ये आणि तरुणांमध्ये ती जास्त होती. मार्च २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही '२५ टक्के वाढ' असे सांगितले आणि तोच आकडा वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचला.

मार्च २०२३ मध्ये मात्र 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १३७ अभ्यासांचा आढावा आला आणि त्याचा सूर अगदी वेगळा होता. सर्वसाधारण लोकसंख्येच्या मानसिक आरोग्यात म्हणावा असा बदल झालेला नाही, नैराश्य किंचित वाढले, स्त्रियांची स्थिती थोडी बिघडली, असा त्याचा निष्कर्ष. काही मंडळींनी तो वाचून 'उगाच घाबरवत होते' असे म्हणून विषय मिटवला.

दोन्ही खरे कसे असू शकेल? याचे उत्तर मोजण्याच्या पद्धतीत आहे. साथीच्या काळात घाईघाईने झालेल्या बऱ्याच पाहण्या ऑनलाइन होत्या. आधीच अस्वस्थ असलेला माणूस अशी प्रश्नावली भरायला जास्त उत्सुक असतो, आणि त्याची साथीपूर्वीची स्थिती कुणी नोंदवलेली नसते. मार्चमधल्या आढाव्याने नेमके हेच टाळले. ज्या गटांची २०१८ किंवा २०१९ मधली नोंद आहे, त्याच गटांची साथीतली नोंद तिच्याशी ताडून पाहिली. पद्धत अधिक भक्कम. पण असे वर्षानुवर्षे चालणारे अभ्यास असतात मुख्यतः श्रीमंत देशांत. घरी बसून पगार मिळालेला युरोपातला नोकरदार आणि मार्चच्या अखेरीस हातातले काम सुटलेला आपल्याकडचा गवंडी यांना एकाच तागडीत घालून चालत नाही. इकडे 'लॅन्सेट'च्या अंदाजातही बहुतेक मूळ माहिती पाश्चात्त्य देशांतली. भारतासारख्या देशांचे आकडे तिथल्या संसर्गाचे प्रमाण आणि लोकांची थांबलेली वर्दळ यांवरून गणिताने काढलेले होते.

ब्रिटनचा एक अभ्यास आम्हाला या सगळ्यात जास्त बोलका वाटतो. तिथे हजारो कुटुंबांची वर्षानुवर्षे पाहणी होते. २०१८-१९ मध्ये त्यांतल्या १८.९ टक्के प्रौढांच्या मनावर वैद्यकीयदृष्ट्या लक्ष द्यावे इतका ताण होता. एप्रिल २०२०, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच महिन्यात, हे प्रमाण २७.३ टक्क्यांवर गेले. इथवर भाकीत खरे ठरले. पण पुढे ऑक्टोबरपर्यंत त्याच माणसांचा मागोवा घेतल्यावर त्यांचे वेगवेगळे गट पडले. शंभरातली सुमारे ७६ माणसे सगळा काळ बरी किंवा चांगलीच राहिली. सुमारे १२ जणांना पहिला धक्का जोरात बसला, पण ती सावरली. उरलेली सुमारे ११ मात्र एकतर हळूहळू खालावत गेली किंवा पहिल्यापासून तळाशीच राहिली. त्यांत हातातोंडाची गाठ पडण्याची मारामार असलेले, आधीपासून मानसिक वा शारीरिक आजार असलेले आणि गरीब वस्त्यांत राहणारे जास्त होते.

शंभरातले अठ्ठ्याऐंशी ठीक असले की सरासरी ठीक दिसते. आपल्या सभागृहात शंभर खुर्च्यांपैकी अठ्ठ्याऐंशी भरल्या, तर वक्ता 'उपस्थिती चांगली होती' असेच म्हणेल. साथीने समाजाचे मन सरसकट खचवले नाही. माणसांची फाटाफूट मात्र केली, आणि जी मागे राहिली ती सरासरीत दिसत नाहीत. एरवीही ती फारशी दिसत नाहीत, कारण ती घराबाहेरच पडत नाहीत.

आता आपल्या देशाकडे येऊ. इथे दरवर्षी नियमाने मिळणारी एक नोंद म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आत्महत्यांची आकडेवारी. ती पोलिसांकडून येते, तिच्या मर्यादा आहेत, आणि मानसिक आरोग्य मोजण्याची ती फार टोकाची फुटपट्टी आहे. तरी तिच्यातला कल नजरेआड करता येणार नाही. २०१९ मध्ये देशात १,३९,१२३ आत्महत्यांची नोंद झाली. २०२० मध्ये १,५३,०५२ आणि २०२१ मध्ये १,६४,०३३. दर लाख लोकसंख्येमागे १०.४ वरून १२.० अशी ही वाढ आहे, म्हणजे केवळ लोकसंख्या वाढली म्हणून आकडा फुगलेला नाही. कर्नाटकात याच तीन वर्षांत ११,२८८, १२,२५९ आणि १३,०५६ अशी नोंद आहे. महाराष्ट्रात १८,९१६ वरून आकडा २२,२०७ वर गेला.

परदेशात असे झाले नव्हते. साथीच्या पहिल्या काही महिन्यांत २१ देशांतल्या किंवा त्यांच्या काही भागांतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा आत्महत्या वाढल्याचे कुठे दिसले नाही, काही ठिकाणी तर त्या घटल्या. संकट सर्वांवर एकदम कोसळते तेव्हा माणसे एकमेकांना धरून राहतात, हा जुना अनुभव. जपानने पुढचे प्रकरणही दाखवले. तिथे फेब्रुवारी ते जून २०२० मध्ये आत्महत्या १४ टक्क्यांनी घटल्या. लोकांना सरकारी मदत मिळत होती, कामाचे तास कमी होते, शाळा बंद होत्या. जुलै ते ऑक्टोबरमध्ये त्या १६ टक्क्यांनी वाढल्या, आणि स्त्रियांमध्ये तर ३७ टक्क्यांनी. साठवलेला पैसा आणि साठवलेला धीर साधारण एकाच सुमारास संपतो, असे त्या आकड्यांकडे पाहून वाटते.

आपल्या देशाच्या आकड्यांतला सर्वांत ठळक भाग रोजंदारीवरच्या माणसांचा आहे. २०१९ मध्ये आत्महत्या केलेल्यांत ३२,५६३ रोजंदार होते, २०२१ मध्ये ४२,००४. दोन वर्षांत देशातल्या एकूण आत्महत्या सुमारे पंचवीस हजारांनी वाढल्या. त्या वाढीतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाटा या एकाच वर्गाचा आहे. एरवी मानसिक आरोग्याची चर्चा ध्यानधारणा, छंद आणि सकारात्मक विचार यांच्या अवतीभवती घुटमळते. मार्च २०२० नंतर दूरचित्रवाणीवर जो तो घरी बसून काय शिकावे हे सांगत होता. ज्याच्या घरात चौथ्या दिवशी तांदूळ संपले, त्याला झोप न लागण्याचे कारण कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

बेळगावात हे आपण पाहिले आहे. वडगाव, खासबाग, शहापूरचे यंत्रमाग दोन्ही वर्षी ऐन लग्नसराईत थांबले. पहिली टाळेबंदी २५ मार्च २०२० ला सुरू झाली, दुसऱ्या लाटेत कर्नाटकातले निर्बंध २७ एप्रिल २०२१ पासून. साडी विकली जाते ती याच हंगामात. मंडपवाले, आचारी, बँडवाले, फोटोग्राफर, फुलवाले यांची वर्षाची कमाई याच दोन-अडीच महिन्यांची. एक हंगाम गेला तर उसनवारी करून माणूस तग धरतो. लागोपाठ दोन गेले की ज्याच्याकडून उसने घेतले त्याच्यासमोरून जाण्याची लाज वाटू लागते, आणि माणूस वाट बदलतो. पुढे घराबाहेर पडणेच टाळतो.

आपल्या सीमाभागाच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली, जिची नोंद कोणत्याही पाहणीत सापडणार नाही. राज्याची सीमा आपण एरवी राजकारणात मानतो किंवा मानत नाही, पण रोजच्या जगण्यात ती नसल्यासारखीच असते. चंदगडची रताळी बेळगावच्या बाजारात येतात. शिनोळीच्या कारखान्यांत इकडची पोरे जातात. लेकी गडहिंग्लज, आजरा, कागलला दिलेल्या आणि सुना तिकडून आणलेल्या. मे २०२० मध्ये कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना प्रवेश बंद केला. २०२१ मध्ये कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर चाचणीचा दाखला मागू लागले, बाचीजवळही नाका लागला. अर्ध्या तासाच्या अंतरावरचे माहेर परदेश झाले. बाळंतपणाला आई येऊ शकली नाही, बापाच्या शेवटच्या आजारात लेक येऊ शकली नाही. नाक्यावरच्या पोलिसाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या हातात आदेश होता. पण आपले माणूस दिसेल इतक्या जवळ असून पोहोचता येत नाही, ही टोचणी वेगळीच. इथल्या कित्येक बायका आजही ती गोष्ट सांगताना मध्येच थांबतात.

यातून आम्ही ज्या मुद्द्याला सर्वांत जास्त महत्त्व देतो त्याकडे येतो. तो म्हणजे अर्धवट राहिलेला शोक.

आपल्याकडे मरण ही एकट्या घराची गोष्ट कधीच नव्हती. चूल पेटत नाही, शेजारून जेवण येते. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला भावकी जमते. दुखवट्याला लोक येत राहतात, तेच तेच विचारतात, आणि तीच तीच हकिकत दहा-बारा दिवसांत पन्नास वेळा सांगताना ती सांगणाऱ्याच्या अंगवळणी पडते. रात्री काय झाले, डॉक्टर काय म्हणाले, शेवटी कुणाचे नाव घेतले. बाराव्या-तेराव्याला गोडाचे जेवण होते आणि घर हळूहळू माणसांत येते. यातले सगळेच विधी सर्वांना मान्य असतील असे नाही, मंडळातही त्यावर वाद होतात. पण मानसशास्त्राच्या बाजूने पाहिले तर ही एक नेटकी व्यवस्था आहे. दुःख वारंवार बोलायला लावायचे, त्याला मुदत द्यायची आणि मुदत संपली की हाताला धरून बाहेर आणायचे.

कोविडच्या मृत्यूंत यातले काहीही झाले नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह लांबून पाहायचा, तोही चारदोघांनी. घरातले बाकीचे लोक विलगीकरणात. शेजारचे दार बंद. फोनवर 'काळजी घ्या' म्हणून संभाषण संपायचे. हे लहानथोर सगळ्यांना सारखेच होते. बेळगावचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी २३ सप्टेंबर २०२० रोजी दिल्लीत कोविडने गेले, तेव्हा त्यांचे अंत्यसंस्कारही दिल्लीतच झाले. चार वेळा निवडून दिलेल्या माणसाचे अंत्यदर्शन त्याच्या शहराला मिळाले नाही. मग ज्यांचे नाव कुणाला ठाऊक नाही त्यांची काय कथा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, 'लांबलेला शोक' हा स्वतंत्र विकार म्हणून घेतला आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ गेलेल्या माणसाची तीव्र ओढ, मृत्यू स्वीकारता न येणे, अपराधी वाटणे, आपला एक भागच गेल्यासारखे वाटणे, आणि त्यापायी रोजचे व्यवहार थांबणे, अशी त्याची लक्षणे. आपल्या समाजाच्या रीतीने जितका शोक स्वाभाविक मानला जातो त्याहून तो बराच जास्त असला पाहिजे, अशी अटही त्यात आहे. मृत्यू अचानक आला, निरोप घेता आला नाही, शोक करताना सोबत मिळाली नाही, तर हा धोका वाढतो. दुसऱ्या लाटेतल्या कोणत्याही घराला या तिन्ही गोष्टी लागू पडतात. 'मीच त्यांना दवाखान्यात नेले', 'मीच बाजारातून आजार आणला', ही वाक्ये आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. अमेरिकेतल्या एका अभ्यासाने एका कोविड मृत्यूमागे सरासरी नऊ जवळचे नातेवाईक शोकात राहतात असा हिशेब मांडला होता. आपल्या भावकीचा पसारा पाहता इथे आकडा त्याहून मोठाच असणार.

मुलांबद्दल खूप लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात. कर्नाटकात पहिली ते पाचवीचे वर्ग मार्च २०२० मध्ये बंद झाले ते २५ ऑक्टोबर २०२१ ला उघडले. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल २०२३ मध्ये चौथीत गेले, आणि वर्गाची पायरी त्याने दुसरीत असताना पहिल्यांदा चढली. कणकुंबी, जांबोटीकडच्या गावांत मोबाइलला रेंज मिळावी म्हणून पोरे टेकडीवर जाऊन बसत. लहान मुले त्यातून बऱ्यापैकी सावरत आहेत असे शिक्षक सांगतात. आम्हाला जास्त काळजी वाटते ती तेव्हा सोळा ते बावीस वर्षांच्या असलेल्यांची. मित्र जोडण्याची, घराबाहेरची पहिली धडपड करण्याची वर्षे त्यांनी एका खोलीत काढली. आत्महत्या केलेल्या विद्यार्थ्यांची देशातली संख्या २०१९ मध्ये १०,३३५ होती, २०२१ मध्ये १३,०८९ झाली. परीक्षा न देता पास झालेली ही मुले नोकरीच्या मुलाखतीला गेली की 'कोविड बॅच' म्हणून हिणवली जातात. विनोद म्हणून आपणही तो शब्द वापरतो. वापरू नये.

म्हाताऱ्या माणसांबद्दलचा निष्कर्ष अनेकांना चकित करेल. आजाराचा धोका सर्वांत जास्त त्यांना, पण मनाने ती तरुणांपेक्षा बरी टिकली, असे पाश्चात्त्य देशांतल्या बहुतेक पाहण्यांत दिसले. त्यांनी आधीही बरेच पाहिलेले असते. आपल्याकडे जिथे घरात माणसे होती, नातवंडे चोवीस तास समोर होती, तिथे आजी-आजोबांचे ते दिवस वाईट गेले नाहीत. पण बेळगाव हे मुलांना पुण्या-बेंगळुरूला आणि परदेशी पाठवणारे गाव आहे. टिळकवाडीत, शहापुरात कितीतरी घरांत दोघेच राहतात, आणि दोघांतले एक गेले की एकच. सकाळचे वाचनालय, संध्याकाळचा कट्टा, गुरुवारचे भजन हा त्यांच्या दिवसाचा सांगाडा होता. तो वर्ष-दीड वर्ष मोडलेला राहिला. वाचनालय उघडले तेव्हा काहींची सवय सुटली होती, काहींचा कट्ट्यावरचा जोडीदार उरला नव्हता.

आणि बायका. टाळेबंदीत घरातले सगळे घरी होते, याचा अर्थ स्वयंपाकघर कधीच बंद होत नव्हते. तीन वेळचे जेवण, मुलाच्या मोबाइलवरची शाळा, सासऱ्यांचे ऑक्सिजन मोजणे, आणि काम सुटलेल्या नवऱ्याची चिडचिड. शेजारणीशी दारात उभे राहून बोलण्याची पाच मिनिटेही गेली. जगभरच्या अभ्यासांचे इतर बाबतींत मतभेद असले तरी स्त्रियांवर भार जास्त पडला याबद्दल नाहीत.

हे सगळे आपल्या लक्षात का येत नाही, याचे एक कारण भाषेत आहे. आपल्यातले फार थोडे लोक 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणतात. 'जीव रमत नाही', 'अन्न गोड लागत नाही', 'छातीत धडधडतंय', 'डोकं जड झालंय', 'रात्री तीनला डोळा उघडतो तो उघडतोच', 'कशातच राम नाही' असे म्हणतात. डॉक्टरांकडे जातात ते पित्त, गॅस, अंगदुखी, रक्तदाब यांसाठी. ईसीजी होतो, रक्त तपासले जाते, सगळे 'नॉर्मल' येते आणि माणूस परत येतो तो अधिकच गोंधळून. तज्ज्ञांची नेहमीची प्रश्नावली विचारते तरी काय? गेले दोन आठवडे कशात रस वाटला का, झोप कशी आहे, भूक कशी आहे, थकवा येतो का, स्वतःला कमी लेखता का, मरणाचे विचार येतात का. म्हणजे आपली माणसे रोज जे सांगतात तेच. दोन आठवड्यांहून जास्त काळ हे चालले आणि आंघोळ, स्वयंपाक, दुकान उघडणे यांसारखी कामे त्यापायी अडली, तर ते नुसते दुःख राहिलेले नाही, उपचार घ्यायची वेळ झाली आहे, एवढे ओळखायला कुणी डॉक्टर असण्याची गरज नाही.

आणि उपचार आपल्यापासून फार लांब नाहीत. १९९६ मध्ये देशात सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम मुळात बंगळुरूच्या 'निम्हान्स'ने बळ्ळारी जिल्ह्यात केलेल्या प्रयोगावर बेतलेला आहे, म्हणजे या बाबतीत आपले राज्य देशाच्या पुढे होते. धारवाडची 'डिमहान्स' ही मानसिक आरोग्य संस्था सुमारे ८० किलोमीटरवर आहे. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. आणि तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले होते की नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमीच्या विकारांत सुमारे ८५ टक्के लोक उपचारापर्यंत पोहोचतच नाहीत. यात अंतराचा अडसर आहे तसा 'धारवाडला नेले' या शब्दांचाही आहे. आपल्या पट्ट्यात या दोन शब्दांचा अर्थ काय घेतात ते वेगळे सांगायला नको. ज्या घरात मुलगी लग्नाची आहे ते घर तर त्या रस्त्याला जातच नाही.

त्यासाठी फोनचा मार्ग निघाला ते बरे झाले. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालते आणि भाषा निवडता येते. घरात कुणी जीव देण्याची भाषा करत असेल तर तो बोलण्यापुरता धाक समजू नये. त्याला एकटे सोडू नये आणि हा क्रमांक लगेच लावावा. अशा प्रयत्नातून वाचलेल्या माणसाला पोलिसांच्या भीतीने लपवून ठेवण्याचेही आता कारण नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले जाते, त्याच्यावर खटला न चालवता त्याला उपचार देणे हे सरकारचे कर्तव्य मानले आहे.

मंडळाच्या हाती काय आहे? व्याख्यान ठेवता येईल, आणि ते ठेवूच. पण व्याख्यानाला येतात ते अठ्ठ्याऐंशी. बाकीच्यांकडे आपल्यालाच जावे लागेल. कार्यकारिणीसमोर आम्ही एक साधी सूचना ठेवत आहोत. २०१९ ची सभासदांची यादी काढावी आणि त्यातले कोण गेल्या वर्षभरात एकाही कार्यक्रमाला आले नाही, हे पाहावे. ज्या घरांत २०२० किंवा २०२१ मध्ये कुणी गेले, त्यांची नावे आधी घ्यावीत. प्रत्येक गल्लीतल्या दोघांनी त्या-त्या घरी जाऊन यावे. वर्गणीचे पुस्तक सोबत नेऊ नये.

तिथे काय बोलायचे, असा प्रश्न पडेल. 'झाले ते झाले, आता विसरा' हे सोडून काहीही चालेल. तेव्हा ज्या दुखवट्याला जाता आले नाही, तो उशिरा का होईना, करायला आलो आहोत, असे सरळ म्हटले तरी चालते. काकांचे काय झाले होते ते विचारावे, आणि काकू सांगू लागल्या की मध्ये बोलू नये. त्या तीच गोष्ट दोनदा सांगतील, सांगू द्यावी. एकटा राहणारा पुरुष असेल तर तो बहुधा हवापाण्याशिवाय काही बोलणार नाही. त्याच्यासाठी वाचनालयातून एखादे पुस्तक घेऊन जावे. वाचून झाले की बदलून द्यायला येतो, असे सांगितले की पंधरा दिवसांनी पुन्हा जायला कारण मिळते.